हृदयाची कृत्रिम झडप आणि तिरुवनंतपुरमचे फुटलेले नमुने

दाबमापक (धागाकर्ता)

विहिरीवरच्या पंपाचा फूट व्हॉल्व्ह ज्यांनी कधी खोलून साफ केला आहे, त्यांना हृदयाची झडप समजावून सांगायला फारसे कष्ट पडत नाहीत. पाणी वर जाताना उघडायचे आणि पंप थांबला की उलट्या दाबाने घट्ट मिटायचे, एवढेच तिचे काम असते. चकती झिजली किंवा मध्ये काडी अडकली की व्हॉल्व्ह पाणी सोडतो, पंप हवा धरतो आणि मग बादलीने पाणी ओतत बसावे लागते. मी एकतीस वर्षे औद्योगिक झडपांच्या कारखान्यात काढली, त्यातली बहुतेक चाचणी विभागात. म्हणजे इतरांनी बनवलेल्या वस्तू मोडून पाहणे हाच माझा चरितार्थ होता.

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या मेव्हणीची मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, बदलली. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी समजावून सांगण्यासाठी झडपेचा एक नमुना आमच्या हातात दिला. घरची मंडळी किंमत आणि आयुष्य विचारत होती. मी चष्मा कपाळावर चढवून, जुन्या खोडीप्रमाणे, त्यात वेल्डिंगचा जोड कुठे आहे ते शोधू लागलो. कडी, तिच्यातून आत झुकलेले दोन आकडे आणि त्यांच्यामध्ये सैल फिरणारी पांढरी चकती असे सगळे होते. पण जोड कुठेच नव्हता. कडी आणि आकडे एकाच धातूच्या ठोकळ्यातून कोरून काढलेले होते. इतके अवघड यंत्रकाम कोणी हौसेने करत नाही. त्यामागे कधीतरी काहीतरी मोडलेले असते. घरी आल्यावर मी या झडपेबद्दल मिळेल ते वाचत गेलो, आणि त्यातूनच हा धागा काढला आहे.

ही झडप तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत घडली. डॉ. एम. एस. वलियाथन हे अमेरिकेत हृदयशल्यचिकित्सेचे शिक्षण घेऊन 1970च्या दशकात तिथे आले. जॉर्जटाउनमध्ये त्यांना चार्ल्स हफनेगल यांच्याबरोबर काम करायला मिळाले होते. याच हफनेगल यांनी 1952 मध्ये माणसाच्या महाधमनीत पहिली कृत्रिम झडप बसवली होती. इकडे केरळमध्ये रुग्ण कोण होते, तर लहानपणी घशाच्या संसर्गानंतर संधिवाती ताप येऊन ज्यांच्या झडपा आकसल्या होत्या अशी विशी-तिशीतली माणसे. परदेशी झडप त्यांच्या आवाक्यात नव्हती. शस्त्रक्रिया करणारे हात उपलब्ध आणि बसवायची वस्तू मात्र नाही, ही अडचण दूर करण्यासाठी पूजप्पुरा भागातल्या सॅटेलमंड राजवाड्यात, जिथे संस्थेचा जैववैद्यकीय तंत्रज्ञान विभाग थाटला गेला होता, झडपेचे काम सुरू झाले. राजवाड्यात झडप घडावी ही कल्पना मला अजूनही गमतीची वाटते.

पहिल्या नमुन्यात आकडे कडीला वेल्ड केलेले होते आणि ते जोडाशीच मोडले. दुसऱ्यात पिंजरा टायटॅनियमचा आणि चकती कृत्रिम नीलमण्याच्या एकसंध स्फटिकाची घेतली. नीलमणी अतिशय कठीण असतो, त्याला ओरखडा उठत नाही आणि रक्त त्याच्याशी बऱ्यापैकी जमवून घेते, त्यामुळे कागदावर ही निवड उत्तम होती. प्रत्यक्षात त्या कठीण चकतीने टायटॅनियमचे आकडेच झिजवले. तिसऱ्या नमुन्यात टायटॅनियमऐवजी हेन्स-25 हा कोबाल्ट-क्रोमियमचा चिवट मिश्रधातू आणला. आता झीज आटोक्यात आली, पण प्राण्यांवरच्या चाचणीत नीलमण्याची चकतीच फुटली. ठिसूळ वस्तू शंभरदा मार सोसते आणि एकशे एकाव्या वेळी कोणतीही पूर्वसूचना न देता तुटते, हे चाचणी विभागातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरी आपण केलेली वस्तू तशी तुटलेली पाहताना पोटात जो खड्डा पडतो त्याला औषध नाही.

चौथ्या नमुन्यात त्यांनी कठीणपणाचा नाद सोडला. पिंजरा हेन्स-25चा, पण अखंड कोरलेला. चकती अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची, म्हणजे कृत्रिम खुब्याच्या वाटीत वापरतात त्या प्लास्टिकची. आणि बाहेरून टाके घालण्यासाठी पॉलिएस्टरच्या कापडाची कडी. नीलमण्याच्या जागी प्लास्टिक आले आणि झडप टिकली.

टिकली म्हणजे काय, हे समजायला थोडा हिशेब करावा लागतो. मिनिटाला 72 ठोके धरले तर दिवसाला 1,03,680 आणि वर्षाला सुमारे 3 कोटी 78 लाख वेळा झडप उघडते आणि मिटते. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे यांत्रिक झडपेला प्रयोगशाळेत 40 कोटी आवर्तने सोसावी लागतात, म्हणजे दहा वर्षांहून थोडे अधिक आयुष्य. यंत्रावर सेकंदाला 15 वेळा उघडझाप केली तरी 309 दिवस लागतात, आणि तेवढे दिवस रोज सकाळी कोणीतरी जाऊन काउंटर वाचायचा असतो. तीनशेव्या दिवशी तडा दिसला तर पुन्हा शून्यापासून.

6 डिसेंबर 1990 रोजी ही झडप पहिल्यांदा माणसात बसवली गेली. पुढे टीटीके समूहाने तिचे उत्पादन हाती घेतले. हाच समूह प्रेस्टिजचे कुकरही बनवतो, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्याची एक झडप आधीपासूनच शिट्ट्या मारते आहे. आजवर एक लाखाहून अधिक चित्रा झडपा बसवल्या गेल्या आहेत.

शोध लावणाऱ्याची कल्पना कशी सुचली याच्या गोष्टी आपण आवडीने सांगतो. त्याची वस्तू किती वेळा आणि नेमकी कुठे मोडली, याची नोंद मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्यांना अशा उपकरणांचा जवळून अनुभव आहे, मग तो कोणत्याही बाजूने असो, त्यांनी येथे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

अनुस्वार

मी ती वस्तू छातीत घेऊन वावरते, म्हणून लिहिते. आठवीत असताना घसा दुखून ताप आला, मग एक गुडघा सुजला, तो उतरला की दुसरा. घरच्यांनी वाढीच्या वयाचे दुखणे म्हणून तेल चोळले. चोविसाव्या वर्षी दोन जिने चढताना धाप लागू लागली तेव्हा सोनोग्राफीसारखी एको नावाची तपासणी झाली आणि झडप आकसल्याचे कळले. 2009 मध्ये ती बदलली. ही चित्रा झडप आहे. तिचे कार्ड माझ्या पर्समध्ये असते.

आवाजाबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून सांगते. सुरुवातीचे काही महिने रात्री डाव्या कुशीवर झोपले की उशीतून टक्, टक् असे ऐकू यायचे. डॉक्टर म्हणाले होते की प्लास्टिकच्या चकतीमुळे हा आवाज इतर यांत्रिक झडपांपेक्षा मऊ असतो; माझ्याकडे तुलनेला दुसरी झडप नाही, त्यामुळे मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. एकदा चाचणी परीक्षेत वर्ग अगदी शांत असताना पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, तुमचं घड्याळ वाजतंय." माझ्या हातात घड्याळ नव्हते.

खरा जाच आवाजाचा नसतो, गोळीचा असतो. रक्त पातळ ठेवण्याची अ‍ॅसिट्रॉम रोज संध्याकाळी सातला, एक दिवस दोन मिलिग्रॅम आणि एक दिवस तीन, आणि कोणत्या दिवशी कोणती ते कालनिर्णयवर पेन्सिलीने लिहिलेले. दर महिन्याला पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी तपासणी; आकडा जितका मोठा तितके रक्त पातळ. एकदा तालुक्याच्या एका लॅबचा आकडा 1.4 आला म्हणून गोळी वाढवली, आणि आठवड्याने हिरड्यांतून रक्त येऊ लागले. दुसरीकडे तपासले तर 6.2. तेव्हापासून मी लॅब बदलत नाही आणि मेथीची भाजी सोडत नाही. सोडत नाही म्हणजे दर आठवड्याला सारखीच खाते. एकदम बंद केली तरी आकडा हलतो.

धागाकर्त्यांना एक विचारते. इतक्या वर्षांत झडप मोडू नये यासाठी एवढे कष्ट घेतले गेले, मग रक्त गोठू नये अशी झडप का होत नाही?

तिरकस

लेख वाचनीय आहे, परंतु अभिमानाच्या भरात काही गोष्टी सुटल्या आहेत असे नम्रपणे नमूद करतो. झुकणाऱ्या चकतीची झडप हा तिरुवनंतपुरमचा शोध नव्हे. स्वीडनचे विकिंग बियॉर्क आणि अमेरिकेचे अभियंते डोनाल्ड शायली यांनी ती 1969 मध्येच बसवली होती. 1977 मध्ये मिनियापोलिसला सेंट ज्यूड ही दोन पाकळ्यांची, पायरोलिटिक कार्बनची झडप आली आणि जगभरातील शल्यचिकित्सक तिच्याकडे वळले. म्हणजे आपली झडप माणसात बसली त्याच्या तेरा वर्षे आधी जग पुढच्या पायरीवर गेले होते. दुसऱ्याचा आराखडा घेऊन स्वस्त साहित्यात उतरवणे याला संशोधन म्हणायचे की प्रतिकृती, हा प्रश्न अप्रिय असला तरी विचारायला हवा.

दाबमापक

अनुस्वार, आपला प्रश्न डॉक्टरांसाठी राखून ठेवतो. माझी समज सांगितली तर अर्धवट होईल.

तिरकस, आपले सन बरोबर आहेत आणि तत्त्व जुनेच होते हेही मान्य. पण आपण नेमके बियॉर्क-शायलीचे उदाहरण दिलेत, त्यामुळे उत्तर तिथूनच देतो. त्या झडपेची सुधारित, बहिर्वक्र-अंतर्वक्र चकतीची आवृत्ती 1979 मध्ये बाजारात आली. रक्ताचा प्रवाह सुधारावा आणि गुठळ्या कमी व्हाव्यात हा हेतू चांगला होता. तिच्यात आत येणाऱ्या बाजूचा आकडा कडीशी एकसंध होता, तर बाहेरच्या बाजूचा दोन पायांचा आकडा वेल्ड केलेला होता. मिटताना चकती कधीकधी त्या आकड्याच्या टोकावर आदळत असे आणि तो हादरा जोडावर येई. आधी एक पाय तडकत असे, रुग्णाला काहीच जाणवत नसे आणि साध्या क्ष-किरण चित्रातही ते सहजी दिसत नसे. मग दुसरा पाय जाई आणि चकती निसटून रक्ताबरोबर वाहून जाई. सुमारे 86,000 झडपा बसवल्या गेल्या, त्यांपैकी सहाशेहून अधिक अशा मोडल्या आणि त्यांतले बहुसंख्य रुग्ण दगावले. 1986 मध्ये ती मागे घेण्यात आली.

तिरुवनंतपुरमचा पहिला नमुनाही जोडाशीच मोडला होता, पण तो माणसात बसण्याआधीच मोडला. तो निकाल गैरसोयीचा मानून वेल्डिंग जरा बरे करून पुढे जाण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. त्याऐवजी त्यांनी कालांतराने जोडच काढून टाकला. प्रतिकृती करणारा माणूस मूळ वस्तूचा दोषही इमानाने उतरवतो. इथे दोष उतरलेला नाही, एवढेच माझे म्हणणे.

स्वस्त साहित्याबद्दलही थोडे लिहितो. पायरोलिटिक कार्बन हे अणुइंधनाच्या कणांवर लेप देण्यासाठी विकसित झालेले साहित्य, आणि ते झडपांसाठी बनवण्याचे तंत्र आपल्याकडे नव्हते. त्यामुळे हाती असलेल्या साहित्यातून उत्तर काढावे लागले. चकती दोन आकड्यांमध्ये सैल असते आणि उघडझाप होताना हळूहळू स्वतःभोवती फिरत राहते, त्यामुळे घर्षण एकाच जागी न होता सगळ्या काठावर वाटले जाते. मऊ प्लास्टिक धातूपुढे टिकते त्यात याचा वाटा मोठा आहे. बैलगाडीच्या चाकाची धाव एकाच जागी घासली असती तर चाक आठवड्यात गेले असते, तसेच हे.

परफ्युजनवाला

मी हार्ट-लंग मशीन, म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी हृदयाचे आणि फुप्फुसांचे काम करणारे यंत्र, चालवतो, त्यामुळे झडप बसताना मी टेबलापासून पाच फुटांवर पण नजर पडद्यावर आणि नळ्यांवर ठेवून बसलेला असतो. धाग्यात टिकाऊपणाबद्दल पुष्कळ आले आहे. बसवण्याच्या वेळी उपकरणाची जी परीक्षा होते तिच्याबद्दल थोडे लिहितो.

आकसलेली, चुना साठलेली झडप कापून काढली की शल्यचिकित्सक दांडीला लावलेले सायझर एकामागून एक त्या जागेत घालून पाहतात, बांगडीवाला मनगटावर माप घेतो तसे. समजा 27 ठरले. मग सिस्टर डबा उघडण्यापूर्वी माप आणि क्रमांक मोठ्याने वाचते, दुसरी व्यक्ती तो पुन्हा वाचते आणि त्यानंतरच सील तोडले जाते. आलटून पालटून पांढरे आणि हिरवे असे दोरे आधी रुग्णाच्या ऊतीतून आणि मग झडपेच्या कापडी कडीतून ओवले जातात. बारा-पंधरा जोड्या दोरे ताणून धरलेले असताना वर तरंगणारी झडप त्यांच्यावरून खाली सरकवत नेऊन बसवतात, आणि मग गाठी सुरू होतात.

यानंतरची गोष्ट यंत्र घडवणाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे. गाठी झाल्या की एका मऊ टोकाच्या काडीने चकती हलकेच ढकलून ती पूर्ण उघडते आणि पूर्ण मिटते याची खात्री केली जाते. मायट्रलच्या जागी हृदयाच्या भिंतीचा किंवा मूळ झडपेला धरून ठेवणाऱ्या, शिल्लक राखलेल्या दोऱ्यांचा एखादा तंतू चकतीच्या वाटेत येऊ शकतो. तसे झाले तर आतला पिंजरा कापडी कडीत फिरवून दिशा बदलता येते. टाके उसवावे लागत नाहीत. आराखडा काढणाऱ्याने शस्त्रक्रियागृहात उभे राहून पाहिल्याशिवाय ही सोय सुचत नाही. महाधमनीला क्लॅम्प लावून हृदयाचा रक्तपुरवठा थांबवल्यापासून मिनिटे मोजणारा माणूस मी असल्यामुळे या सोयीचे मोल मला अंमळ जास्तच कळते.

झुरिचकर

मूळचा कोल्हापूरचा, गेली अकरा वर्षे झुरिचमध्ये आहे, त्यामुळे या गावात घडलेल्या दुसऱ्या एका उपकरणाची आठवण दिल्याशिवाय राहवत नाही. दाबमापक म्हणतात ती शिस्त मान्य आहे, पण सगळेच शोध राजवाड्यातल्या प्रयोगशाळेत लागले नाहीत. आंद्रेयास ग्रुंट्झिग यांनी रक्तवाहिनी आतून रुंद करणारा फुगा आपल्या घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवला. त्यांची सहायक मारिया श्लुम्प्फ, तिचे पती आणि ग्रुंट्झिग यांच्या पत्नी, असे मिळून संध्याकाळी बसत आणि नळ्या, दोरे, गोंद व ब्लेड घेऊन उद्योग चालत असे.

त्याआधी 1964 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांनी एका 82 वर्षांच्या बाईंच्या पायाची धमनी एकात एक सरकणाऱ्या नळ्या घालून मोकळी केली होती आणि कापायला निघालेला पाय वाचवला होता. पण नळी जेवढी जाड तेवढेच भोक कातडीत पाडावे लागे. बारीक नळी आत न्यावी आणि तिथे पोहोचल्यावर फुगवावी हे तर सरळ होते. अडचण फुग्याच्या स्वभावाची होती. रबरी फुगा अरुंद जागेत फुगवला तर तो कठीण भागाला ढकलण्याऐवजी दोन्ही बाजूंना, जिथे वाट मिळेल तिथे फुगतो आणि मध्ये कंबर तशीच राहते. ठरावीक व्यासापर्यंत फुगून तिथेच थांबणारे, हट्टी साहित्य हवे होते. इथल्या तंत्रविद्यापीठातील निवृत्त रसायनशास्त्रज्ञ हाइनरिख होप्फ यांनी पीव्हीसीकडे बोट दाखवले. 1974 मध्ये पायाच्या धमनीत आणि 16 सप्टेंबर 1977 रोजी याच शहरात, जागृत असलेल्या एका 38 वर्षांच्या रुग्णाच्या हृदयाच्या धमनीत तो फुगा फुगवला गेला. आज तालुक्याच्या ठिकाणीसुद्धा लोक अँजिओप्लास्टी हा शब्द रोजच्या बोलण्यात वापरतात, त्याचा उगम हा.

दाबमापक

झुरिचकर, स्वयंपाकघराची गोष्ट लोकांना आवडते आणि मलाही आवडते. मात्र त्या टेबलावरून फुगा थेट रुग्णापर्यंत गेला नाही. मध्ये कुत्र्यांवरचे प्रयोग झाले. 1976 मध्ये मायामीच्या परिषदेत ग्रुंट्झिग यांनी ते मांडले तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना ते पटले नाही. पुढे 1977 च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये बायपास चालू असताना, छाती उघडी असतानाच, फुगा धमनीत घालून पाहिला, म्हणजे काही बिघडले असते तर शल्यचिकित्सक समोरच होते. सप्टेंबरातला तो दिवस या पायऱ्या चढून आला.

शिवाय दोन्ही उपकरणांची जातच वेगळी आहे. फुगा आत जातो, काही सेकंद फुगतो आणि बाहेर येतो. तो फाटला तर तिथल्या तिथे कळते, पुढच्या रुग्णासाठी रात्री बदल करता येतो. झडप आत ठेवून छाती शिवायची असते. तिची चूक दहा वर्षांनी, दुसऱ्याच गावात, मध्यरात्री कळते. म्हणून पहिल्यासाठी स्वयंपाकघर पुरते आणि दुसऱ्यासाठी काउंटर लावलेले यंत्र लागते. फुग्याने उघडलेली धमनी पुन्हा आकसू लागली आणि म्हणून आत जाळी ठेवायची वेळ आली, तेव्हा ते उपकरणही फुग्याच्या जातीतून झडपेच्या जातीत गेले; तिथूनच स्टेंटवाल्यांना धातूच्या थकव्याचा हिशेब शिकावा लागला.

डॉ. मध्यरेषा

अनुस्वार यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या परीने देते. निरोगी रक्तवाहिनीचे आणि झडपेचे अस्तर हा जिवंत पेशींचा थर असतो आणि तो सतत गोठणविरोधी द्रव्ये सोडत असतो. धातू, कार्बन किंवा प्लास्टिक कितीही गुळगुळीत केले तरी ते मृत पृष्ठभागच राहतात. रक्तातली प्रथिने काही क्षणांत त्यांवर चिकटतात आणि गोठण्याच्या साखळीला निमित्त मिळते. त्यात मिटलेल्या चकतीमागे, आकड्यांच्या कोपऱ्यांत रक्त क्षणभर रेंगाळते. मायट्रलच्या जागी दाब कमी आणि प्रवाह संथ, म्हणून तिथे धोका अधिक आणि आयएनआर साधारणपणे 2.5 ते 3.5 इतका वर ठेवावा लागतो. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या झडपेला दीर्घकाळ गोळी लागत नाही. परंतु तरुण शरीरात ती चुना साठून लवकर कडक होते आणि दहा-पंधरा वर्षांत पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येते. चोविसाव्या वर्षी आपल्याला यांत्रिक झडप दिली गेली ती याच कारणाने. तरुण स्त्रियांच्या बाबतीत मात्र हा निर्णय कठीण असतो, कारण गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत या गोळ्या गर्भाला अपाय करू शकतात.

या धाग्यावर एक गोष्ट मला बोचते, ती लिहून ठेवते. शाळकरी मुलाचा घसा दुखून नंतर सांधे सुजले तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे एक इंजेक्शन, वर्षानुवर्षे, इतकाच उपाय असतो आणि तो नेटाने झाला तर यातल्या पुष्कळ झडपा बसवाव्याच लागणार नाहीत. इंजेक्शन दुखते म्हणून तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर मुले येत नाहीत.

नवउद्योगी

मी जैववैद्यकीय अभियंता आहे. पुण्यात आम्ही तिघे मिळून पायाच्या शिरेतून सुटलेली गुठळी फुप्फुसात पोहोचण्यापूर्वी महाशिरेत अडवणारी, काम झाल्यावर काढून घेता येणारी निटिनॉलची, म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची, जाळी बनवत आहोत. सहा पाय एका डोक्याशी लेसरने वेल्ड केलेले आहेत. ज्या संस्थेकडे आम्ही निधीसाठी गेलो, तिच्या समितीने सादरीकरण संपल्यावर बाजारपेठ किती मोठी आहे आणि अ‍ॅप असेल का, असे दोन प्रश्न विचारले; पाय मोडतील का असे कोणी विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हीही स्वतःला विचारले नव्हते. हा धागा वाचल्यापासून झोप उडाली आहे. चाचणी कुठून सुरू करावी?

दाबमापक

समितीने विचारले नाही हे तुमचे नशीब समजू नका, नियामक विचारणारच आहे. सुरुवात साध्या हिशेबाने करा. तुमची जाळी हृदयाच्या ठोक्यांपेक्षा श्वासाने अधिक हलणार, कारण महाशीर प्रत्येक श्वासाला आकसते आणि फुगते. मिनिटाला 16 श्वास धरले तर वर्षाला सुमारे 84 लाख, दहा वर्षांना 8 कोटी 40 लाख. काढून घेण्याजोगी असली तरी दहा वर्षेच धरा, कारण पुष्कळ रुग्ण ती काढायला परत येत नाहीत. सेकंदाला 20 आवर्तने दिलीत तर 49 दिवसांत हिशेब पुरा होतो. महागडे यंत्र आधी घेऊ नका. लाउडस्पीकरच्या कॉइलवर सिलिकॉनची नळी दाबणारे जुगाड पहिल्या फेरीला पुरते. मात्र नळीतले मिठाचे पाणी 37 अंशांवरच ठेवा. निटिनॉलचा स्वभाव तापमानाबरोबर बदलतो आणि खोलीच्या तापमानावर मिळालेला निकाल तुम्हाला खोटा धीर देईल. सहाही पायांचे फोटो सुरू करण्यापूर्वी, सूक्ष्मदर्शकाखाली, प्रत्येक जोडाचे वेगळे. मोडल्यावर "हा तडा आधीपासून होता का" हा वाद आपसात होतो, आणि तो मैत्री मोडतो.

तिरकस

माझा 'प्रतिकृती' हा शब्द मागे घेतो. पण दाबमापकांनी 37 अंशांची अट घातली आहे, ती पाळायला नवउद्योगींना कोणी पैसे देणार आहे का, हा प्रश्न शिल्लक ठेवतो.

नवउद्योगी

पाच आठवड्यांनी परत लिहीत आहे. पैशांचे सांगायचे तर पाणी तापवायला मत्स्यालयाचा हीटर आणि चारशे रुपयांचा थर्मोस्टॅट पुरला, तापमान 36.6 आणि 37.3 यांच्या मध्ये हलते, ते नोंदवून ठेवले आहे. शुक्रवारी संध्याकाळी सहाला यंत्र सुरू केले. रविवारी दुपारी एकच्या सुमारास आवाज बदलला म्हणून बंद केले, तेव्हा काउंटर 31 लाखांच्या किंचित वर होता, म्हणजे साडेचार महिन्यांचे श्वास. चौथा पाय सुटला होता. लेसरच्या वेल्डपासून केसभर अलीकडे, तारेचा रंग जिथे निळसर झाला होता तिथे. सुरुवातीच्या फोटोत तिथे तडा नाही, पण निळसर पट्टा आहे, आणि तो सहापैकी चार पायांवर कमी-अधिक आहे. आम्ही त्याला दिसण्याचा दोष समजत होतो.

भागीदारांपैकी एकाचे म्हणणे लेसरची शक्ती कमी करावी असे आहे. दुसरी म्हणते की नळीच घेऊन सहा पाय तिच्यातूनच कापावेत, म्हणजे डोके आणि पाय एकसंध होतील. त्याला कापणावळ जास्त पडेल आणि आमच्याकडचा साचा वाया जाईल. काल रात्री मतदान झाले. नळीची मागणी नोंदवली आहे, तीन आठवड्यांनी येईल. तोवर उरलेल्या जुन्या नमुन्यांपैकी पाच यंत्रावर लावतो आहे, सगळे एकाच ठिकाणी तुटतात का ते पाहण्यासाठी.

दाबमापक

पाचही तुकडे जपून ठेवा, प्रत्येक वेगळ्या डबीत, तारीख आणि काउंटरचा आकडा लिहून. तुटलेली कड बोटाने पुसू नका.